मागच्या सीटवरचं वजन

रविवार, ५ जानेवारी २०२५, रोहा

नवीन डायरी आज उघडली. आधीचे चार दिवस कोरे आहेत, कारण लिहिण्यासारखं काही घडलं नाही. धाटावच्या कंपनीत चौतीस वर्षं टाइमकीपर होतो. तिथे काही घडलं नाही तरी ‘काही घडलं नाही’ अशी नोंद करावी लागायची. आता ती सक्ती नाही.

सकाळी ९:१० ला प्रतिक्षाचा फोन. ही माझी भाची, पेणला असते, डोलवीला प्लांटच्या लॅबमध्ये शिफ्टला जाते. तिच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या दाजींचं वर्षश्राद्ध ९ फेब्रुवारीला आहे. जेवणं बसण्याआधी कोणीतरी त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायचे आणि ते मी बोलायचे, असं परस्पर ठरलं आहे. मीच का, असं विचारल्यावर म्हणाली, "मामा, त्यांच्याबरोबर तूच सगळ्यात जास्त फिरलास."

ही नोंद दुरुस्त करायला हवी. मी फिरलो नाही, मला फिरवण्यात आलं. माझी बायको शांती गेली, त्यानंतर सात वर्षं हा माणूस दर रविवारी पेणहून फटफटी बडवत चाळीस किलोमीटर यायचा, मला मागे बसवून निडी स्टेशनपर्यंत न्यायचा, तिथे चहा पाजायचा आणि परत आणून दारात सोडायचा. माझं मत कधी विचारलं नाही. निडीला बघण्यासारखं काय आहे? एक फलाट आणि एक चिंचेचं झाड.

तरी हो म्हणालो. काम अंगावर आलं की मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना दोष आहे.

बुधवार, ८ जानेवारी

भाषणाचा कच्चा मसुदा.

‘कैलासवासी गुणाजी हे मितभाषी होते.’ खोडलं. दाजी पेट्रोल पंपावर हवा भरायला थांबले, तर हवा भरणाऱ्याच्या सासुरवाडीचं गाव विचारून निघायचे.

‘ते शिस्तप्रिय होते.’ खोडलं.

‘त्यांची राहणी साधी होती.’ हे अर्धं खरं आहे. कपड्यांची साधी होती, गाडीची नव्हती. दाजींचा पेणला गणपतींचा कारखाना. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी ते स्वतः करायचे, त्यात तालुक्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण दर वर्षी मूर्ती रंगवून जो रंग उरायचा तो फटफटीच्या टाकीला जायचा. एक वर्ष पितांबरी पिवळी, एक वर्ष मोरपंखी, एकदा तर राणी कलर. कागदोपत्री गाडी काळी. नागोठण्याच्या नाक्यावर हवालदाराने अडवलं, तेव्हा दाजी त्याला म्हणाले, "साहेब, आतून काळीच हाय." वर गाडीच्या हेडलाइटला त्यांनी पापण्या काढल्या होत्या. रस्त्यातली गुरं थांबून बघायची.

हे भाषणात सांगण्यासारखं नाही. दुपारी चारला लिहिणं सोडून उठलो तेव्हा कागदावर ‘कैलासवासी गुणाजी हे’ एवढंच उरलं होतं.

रविवार, १२ जानेवारी

शेजारच्या धोंडुबाईंनी आज विनाकारण हटकलं. म्हणे, "भाऊ, दर रविवारी सात चाळीसला दारात कशाला उभं ऱ्हाता?" मी म्हणालो, दूध बघतो. त्या म्हणाल्या, दूध तर तुमच्याकडं साडेसहालाच येतं. दुसऱ्याच्या दुधाच्या वेळा पाठ ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत.

प्रतिक्षाचा पुन्हा फोन. फटफटी सुरू होत नाही. दाजी गेल्यापासून ती कारखान्यात उभी आहे. पेणच्या दोन गॅरेजवाल्यांनी खोलून बघितली, प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, ढिम्म हलली नाही. आता ताई म्हणते, विकून टाकू. पनवेलकडचा निलेश नावाचा कोणी माणूस जुन्या गाड्या घेतो. हायवेवर त्याचं हॉटेल आहे, तिथे कमानीवर ही गाडी चढवून ठेवायची आणि टाकीत मनी प्लांट लावायचा, असा त्याचा बेत आहे. वर्षश्राद्धाच्या पंगती कारखान्यातच बसणार, म्हणून ८ तारखेला जागा रिकामी हवी. त्या दिवशी तो टेम्पो घेऊन येईल.

प्रतिक्षा रडत होती. तिला शाळेत सोडायला, बारावीच्या पेपराला, नोकरीच्या पहिल्या दिवशी डोलवीच्या गेटवर, सगळीकडे त्याच गाडीने नेलं होतं. मी समजूत काढली की लोखंडात जीव गुंतवू नये. नंतर बराच वेळ त्या मनी प्लांटचा राग येत राहिला. का ते कळलं नाही.

रविवार, १९ जानेवारी

दूध साडेसहाला आलं. सात चाळीसला दाराला तेल घातलं, कुरकुरत होतं.

प्रतिक्षाने मुरादला मेसेज केला होता. मुराद म्हणजे दाजींचा जुना मेकॅनिक, नागोठण्याचा, दीड वर्षापूर्वी मस्कतला गेला. त्याचं उत्तर आलं: ‘गाडी बिघडलेली नाय. मामाला बोलव. चालू होईल. मी ९ ला सुट्टीवर येतोय.’ तिने खोदून विचारलं तर पुढे काही लिहीना. म्हणे, दाजींना शब्द दिलाय.

मुरादची माझ्याबद्दल अशी पारख असेल असं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं मागे बसून यंत्र ऐकल्यामुळे माझा कान तयार झाला असणार. तरी पेणला जाणं शक्य नाही, असं कळवलं. वर्षभरात मी बाजार सोडून कुठे गेलो नाही. रविवारी तर मुळीच नाही. रविवारी मी घरी लागतो.

कोणाला, असं प्रतिक्षाने विचारलं. फोन ठेवला.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाला गेलो नाही. मसुदा पुढे नेला. आज लग्नाची आठवण लिहिली.

ताईचं लग्न रोह्याला लागलं आणि वरात पेणला निघाली. वऱ्हाड टेम्पोत, दाजी नवरीला मागे बसवून फटफटीवर. टेम्पो पेणला पोचला, नवरानवरी गायब. दारात माप भरून ठेवलेलं, करवल्या पेंगुळलेल्या, दोन्हीकडच्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघेनात. मी तेव्हा वीस वर्षांचा, हातात नवं घड्याळ. एक तास चाळीस मिनिटांनी दोघं आली. नागोठण्याला अंबा नदीच्या काठी उसाचा रस पीत बसली होती. ताईच्या शालूवर रस सांडला होता आणि ती हसत होती. तिला इतकं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. मी खिशातल्या वहीत लिहिलं: गुणाजी, लेट. माझ्या आयुष्यातला पहिला लेट मार्क मी दाजींना दिला. पुढे नोकरी त्याच खात्यात लागली.

नंतरही हा माणूस कधी वेळेवर आला नाही. बारशाला उशीर, साखरपुड्याला उशीर. प्रतिक्षाच्या जन्माला दवाखान्यात पोचले तेव्हा ती दूध पिऊन झोपली होती, कारण वाटेत कोणाची तरी पंक्चर झालेली सायकल घरापर्यंत पोचवायची होती. गणपती नेणारी गिऱ्हाइकं तर चतुर्थीच्या पहाटे कारखान्यात ठाण मांडून बसायची.

रविवारी मात्र ७:४० म्हणजे ७:४०. सात वर्षांत एकदाही इकडचं तिकडे झालं नाही. रविवारी रस्ता मोकळा असतो, त्यामुळे असेल.

त्यांच्या काही सवयी मात्र विचित्रच होत्या. येताना मागच्या सीटवर अर्धं पोतं तांदूळ बांधून आणायचे, ते माझ्या ओट्यावर ठेवायचे आणि जाताना परत बांधून न्यायचे. सात वर्षांत मला त्यातला एक दाणा दिला नाही. पहिल्यांदा तर मी आतून सूप घेऊन आलो होतो. दुसरं, बाकी सगळे लोक गाडी सुरू करतात आणि मग माणसाला बसवतात. हे मला आधी मखरात बसवल्यासारखं मागे बसवणार आणि मग किक मारणार. निडीला पोचून इंजिन बंद केल्याशिवाय उतरू द्यायचे नाहीत. कारण विचारलं तर म्हणायचे, "मागं वजन लागतं रे हरी, भिसे खिंडीत गाडी उडते." माझं वजन अठ्ठावन्न किलो, आणि निडीच्या वाटेवर भिसे खिंड येतच नाही. पण थट्टेला उत्तर देण्याची मला सवय नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

आज ताईने स्वतः फोन केला. ती फोनवर कमी बोलते. मी म्हणालो, गाडी विकू नकोस, पोरीचा जीव आहे तिच्यात. ती म्हणाली, "चालू असती तर ठेवली असती. रोज सकाळी ती तशीच मुकाट उभी दिसते. माणूस गेला तो एकदा गेला, ही माझ्या डोळ्यांसमोर रोज मरते." मग म्हणाली, "तू पन तसाच उभा हायस म्हनं. धोंडुबाईंचा फोन आलता."

धोंडुबाईंना माझ्या बहिणीचा नंबर कोणी दिला, याचा तपास करायला हवा.

शनिवारी जातो असं कळवलं. शनिवारी जायला हरकत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी, पेण

सकाळची एसटी बावीस मिनिटं उशिरा. नोंद घेण्यासाठी वही काढली आणि परत ठेवली. बरोबर टॉर्च, पाना, चष्म्याची जास्तीची जोडी.

कारखान्यात एका बाजूला कच्च्या मूर्ती, एका बाजूला मांडवाचे बांबू आणि मधे फटफटी. टाकी शेवटच्या वर्षीची, डाळिंबी. पापण्यांवर धूळ बसली होती, ती रुमालाने पुसली. मग पद्धतशीर तपासणी केली. पेट्रोल आहे. प्लग आहे. साखळी आहे. चाकं दोन. यापुढे काय बघायचं असतं ते मला माहीत नव्हतं, पण प्रतिक्षा बाजूला उभी होती, म्हणून प्रत्येक वायरीकडे टॉर्च मारून "हं" म्हणालो. नंतर किक मारली. किक उलटली आणि नडगीवर बसली. त्यानंतर दहा-बारा मिनिटांच्या नोंदी नाहीत.

११:२० ला निलेश टेम्पो घेऊन हजर. बरोबर दोन माणसं, दोरखंड. माणूस वाईट नाही, गोड बोलतो. टाकीवर टकटक करून म्हणाला, वर चढवायला इंजिन काढावं लागेल, हलकी होईल. पापण्यांना हात लावून म्हणाला, हे पुसून घेऊ, बरं नाही दिसत. मी त्याला म्हणालो की त्या पापण्या ज्याने काढल्या त्याने पन्नास हजार गणपतींना दृष्टी दिली आहे, तेव्हा हात मागे घ्या. आकडा कुठून आला माहीत नाही. आवाजही माझा वाटला नाही.

नडगी ठणकत होती. खुर्च्या सगळ्या बाहेर मांडवात गेलेल्या. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी फटफटीच्या मागच्या सीटवर बसलो. पाय आपोआप फूटरेस्टवर गेले, आधी उजवा, मग डावा. प्रतिक्षा पुढे आली, दात खाऊन एक किक मारली, आणि गाडी सुरू झाली.

सगळा कारखाना धुराने भरला. सुमारे दोनशे गणपती दिसेनासे झाले. प्रतिक्षा ओरडली, मी घड्याळ बघितलं, ११:३४. माझ्या तपासणीला यश आलं म्हणून खाली उतरून निलेशला समजावून सांगू लागलो, तर गाडी बंद. पुन्हा किक, काही नाही. नडगी चोळायला परत सीटवर टेकलो, किक, सुरू. उतरलो, बंद. असं चार वेळा झालं. शेवटी निलेशच म्हणाला, "काका, तुम्ही उतरू नका ना."

तेव्हा माझी नजर कोपऱ्यात गेली. तिथे ते अर्धं पोतं होतं. तोंड शिवलेलं, सात वर्षांत ना वापरलेलं ना टाकलेलं. माझ्या डोक्यात सगळा उजेड एकदम पडला. आधी बसवणं, उतरू न देणं, मागं वजन लागतं. एकटे असले की पोतं, रोह्याला आले की मी. मला वाटायचं की मी पाहुणा आहे. मी तांदळाच्या बदलीवर होतो.

इतका अपमान मला कंपनीतही कोणी केला नव्हता. पण उतरता येईना, इंजिन चालू होतं.

एवढ्यात ताई स्वयंपाकघरातून चहाचे दोन कप घेऊन आली. एक माझ्या हातात दिला. दुसरा घेऊन ती उभी राहिली आणि त्या कपाकडे बघत म्हणाली, "आवाज ऐकला आनी बिनसाखरेचा टाकला गो मी." प्रतिक्षाने तिला धरलं. दाजींना साखरेचं पथ्य होतं. ताई रडली, मग हसली, अगदी त्या उसाच्या रसाच्या दिवशी हसली होती तशी. बिनसाखरेचा कप निलेशला दिला आणि सांगितलं, चहा घ्या, गाडी द्यायची नाही. तो बिचारा प्यायला.

ताईसाठी आनंद झाला. स्वतःसाठी झाला नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी, पेण

नीट झोपलो नाही. सात वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात कटकट म्हणत होतो आणि मनातल्या मनात त्याची वाटही बघत होतो, हे काल कबूल करावं लागलं. आणि त्याला नुसतं वजन हवं होतं.

दहा वाजता मुराद आला. विमानतळावरून नागोठण्याला सामान टाकून तसाच आला, हातात खजुराचा डबा. सीट उचलून मला दाखवलं. कॉइलची एक वायर ढिली आहे. मागे वजन आलं की सीट दबते आणि वायर टेकते, वजन गेलं की सुटते. बोटभर वायर, दोन मिनिटांचं काम. मी म्हणालो, मग सात वर्षं केलं का नाही? एवढं साधं काम दाजींना उरकता आलं नाही?

मुराद सीट तशीच हातात धरून उभा राहिला. म्हणाला, आता दाजी नायत, सांगायला हरकत नाय.

"वैनी वारल्या तेव्हा दाजी तीन रविवार रोह्याला आले. तुम्ही दारच उघडलं नाय, आठवतं? चौथ्या रविवारी ही वायर ढिली झाली. मी पाना काढला तर दाजींनी माझा हात धरला. म्हनाले, हात लावू नको. हरी माझ्यासाठी बाहेर येनार नाय, पन गाडीला त्याची गरज हाय म्हटलं की येईल. त्याला काम सांगितलं की तो नाय म्हनत नाय. मग बाजारातून पोतं घेतलं, तुमच्यापर्यंत पोचायला."

मला तो चौथा रविवार आठवला. दाराबाहेरून आवाज आला होता, "हरी, मागं वजन नाय तर ही पेणला परत जाईना. जरा बस बाबा, माझी अडचन हाय." शांती गेल्यापासून एकवीस-बावीस दिवस मी अंघोळ करत नव्हतो. त्या दिवशी केली, कारण कोणाची तरी अडचण होती. वेळ ७:४० होती. बहुतेक त्यांनी ती तेव्हाच पाठ केली.

पंगती बसण्याआधी भाषणाला उभा राहिलो. चार पानं खिशात होती, काढलीच नाहीत. म्हणालो, "दाजी दर रविवारी सात चाळीसला यायचे. सात वर्षांत एकदाही उशीर केला नाय." मंडळी पुढचं ऐकायला थांबली. भटजी पानाकडे बघत होते. पुढे बोलता येईना, बसलो. मला त्या माणसाची फार आठवण येते. हे तिथे म्हणायचं होतं, इथे लिहितो.

जेवणं झाल्यावर मुराद पाना घेऊन आला. आता जोडून टाकू का, म्हणून विचारलं. प्रतिक्षा माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "हात लावू नको."

रविवार, १६ फेब्रुवारी, रोहा

दूध साडेसहाला आलं. अंघोळ उरकून सात चाळीसला ओट्यावर उभा राहिलो. धोंडुबाई खिडकीत होत्या. त्यांना सांगून टाकलं की वाट बघतोय.

सात बावन्नला कोपऱ्यावर आवाज. डाळिंबी टाकी, धूळ पुसलेल्या पापण्या, पुढे हेल्मेटमध्ये प्रतिक्षा, मागे सुंभाने आवळलेलं अर्धं पोतं. म्हणाली, "मामा, सॉरी रे, नाइट शिफ्टचा रिलीव्हर उशिरा आला. बस लवकर, माझी अडचन हाय."

बारा मिनिटं उशीर. बापाच्या वळणावर गेली आहे, वेळेपुरती. लेट मार्क दिला नाही. पोतं सोडून ओट्यावर ठेवलं आणि त्याच्या जागी मी बसलो.